उघड्या इंजिनाचं चेतक, प्लास्टिकात

हे जे आत्ता स्क्रीनवर दिसतंय ते गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातलं चेतक हेलिकॉप्टर, आणि आज याचंच प्लास्टिकचं छोटं मॉडेल कसं करायचं ते बघायचंय. वास्कोहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे निघालं की वाटेतच लागतं हे संग्रहालय, १९९८ साली सुरू झालं, दाबोळीच्या नौदल तळाला लागूनच. लोक आत शिरले की सरळ सी हॅरियर या लढाऊ विमानाकडे पळतात, मग त्या अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन विमानासमोर फोटो काढतात आणि चेतकच्या बाजूने तसेच पुढे निघून जातात. आपण इथेच थांबूया.

वर बघा, रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या, मागे. इंजिनावर झाकणच नाही! आर्टूस्त नावाचं टर्बाइन इंजिन, त्याचे पाइप, क्लॅम्प, मागे निघालेला एक्झॉस्ट म्हणजे धुराचा पाइप, सगळं उघड्यावर. आणि पुढे बघाल तर जवळजवळ पूर्ण काच. मॉडेल करणाऱ्याला अजून काय हवं, लपवायला जागा नाही पण दाखवायला मात्र भरपूर आहे, म्हणून मला तर नौदलाच्या सगळ्या हेलिकॉप्टरांत हेच सगळ्यात जास्त आवडतं.

थोडक्यात इतिहास सांगतो. मूळ डिझाइन फ्रेंच, नाव अलुएत थ्री, पहिलं उड्डाण १९५९ सालचं. १९६० च्या दशकात आपल्याकडे परवान्यावर बेंगळुरूला बनायला लागलं आणि चेतक झालं. विक्रांत या विमानवाहू जहाजावर विमानं उडताना-उतरताना हेच बाजूला हवेत थांबलेलं असायचं, कोणी पाण्यात पडलाच तर उचलायला. गोव्यात समुद्रावर शोध आणि बचाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अजून हेच येतं.

आता किट, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांचा डबा. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या आकारात, खऱ्याचा अकरा मीटरचा रोटर साधारण १५ सेंटीमीटर होतो, म्हणजे शाळेतल्या छोट्या पट्टीएवढा. टेबलावर मावतं, पण डोळ्यांची परीक्षा आहे. आधी सगळे स्प्रू, म्हणजे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, भांड्याच्या साबणाने धुवायचे, साच्याचा तेलकटपणा राहिला तर पुढे रंग सुटतो. मग धडाचे दोन अर्धे जोडायचे, सांध्याला पुट्टी, ४०० चा घासायचा पेपर, मग ८००, मग १०००, हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला शॉर्टकट नाही एवढंच बोलतो आणि पुढे जातो.

खरी गंमत नाकात आहे. चेतकला पुढे एक चाक, मागे दोन, आणि मॉडेल शेपटीवर बसायचा धोका असतो म्हणून नाकात वजन घालावं लागतं. दुसऱ्या विमानात नाकाच्या पोकळीत काहीही कोंबता येतं पण इथे नाक म्हणजे काचच, टाकलं की दिसणार. मग वजन जातं सीटखाली आणि फ्लोअरच्या पोटात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गळाला लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्या मिळतात, त्या हातोडीने चपट्या करून बसवल्या की काम होतं. काच लावायच्या आधी चाकांवर उभं करून बघायचं, नंतर उघडता येत नाही. आणि शिशाला हात लावला की हात धुवायचे, कृपा करून.

काचेला सुपरग्लू अजिबात नको. त्याची वाफ काचेच्या आतून पांढरी बसते आणि ती पुसायला बोटच पोचत नाही. साधा पांढरा फेविकॉल लावा, सुकला की पारदर्शक होतो. आता हे जवळून बघा: काचेच्या प्रत्येक पट्टीवर मास्किंग टेप बसवलाय, नव्या ब्लेडने कडेकडेने कापलाय, आणि पहिला हात बाहेरच्या रंगाचा नाही, काळ्याचा दिलाय. कारण फ्रेमची आतली बाजू काचेतून दिसते, तिथे काळंच दिसलं पाहिजे. त्यावर मग बाहेरचा रंग.

आता आपल्या गोव्याच्या हवेचा विषय, आणि यावर मी थोडं जास्त बोलणार. जून ते सप्टेंबर इथे एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं पेन, हातात घेतला की लॅकर, म्हणजे झटकन सुकणारा थिनरचा रंग, पांढुरका पडतो. होतं काय, थिनर भरकन उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतली वाफ लगेच त्या ओल्या रंगावर येऊन बसते. चकचकीत निळा मारायला जावं तर दुधाळ होतो. एअरब्रशला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पाइपातही पाणी जमतं म्हणून ते अडवणारा वॉटर ट्रॅप लागतोच, पण तो खोलीतली हवा कोरडी करत नाही ना. सावकाश उडणारा थिनर मिळतो, एसी लावून खोली कोरडी करता येते, हे सगळं आहे, पण माझं स्पष्ट मत, पावसात रंगवूच नका. चवथीपर्यंत जोडकाम, पुट्टी, घासणं, कॉकपिटचं ब्रशचं काम उरका आणि फवारा दसऱ्यानंतर. डिसेंबरची दुपार मिळाली तर उत्तमच.

रंग कुठला द्यायचा? इथे एक सांभाळायचं. संग्रहालयातलं मशीन आकारासाठी बघा, पाइप कुठून कुठे जातो, दाराचा रूळ कसा आहे, चाकांचे स्ट्रट, म्हणजे दांडे, केवढे जाड, सगळं. पण रंगासाठी नको. ते उघड्यावर ऊन-पाऊस खात उभं आहे आणि मागाहूनही रंगवलेलं असतं. रंगासाठी त्या त्या वर्षाचे, सेवेत असतानाचे फोटो शोधा, कारण वेगवेगळ्या काळात रंग बदललेत. आणि तळाच्या कुंपणाबाहेरून कॅमेरा लावायचा नाही, तो नौदलाचा परिसर आहे. हेलिकॉप्टरवरच्या तिरंगी गोल चिन्हात केशरी बाहेर, हिरवा मध्ये, घाईत उलटं होतं. काजळी एक्झॉस्टमागेच, आणि तीही हलकी, कारण नौदलात मशीन नियमित धुतलं-पुसलं जातं, खाऱ्या हवेत ते करावंच लागतं. मॉडेल गंजकं दाखवलं तर तो त्या मेंटेनन्सच्या लोकांवर अन्याय आहे.

शेवटी रोटर. किटमधली तीन पाती सरळसोट येतात. खरं चेतक उभं असताना पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, म्हणून गरम पाण्यात धरून हळूच वाक द्यायचा, तिन्हींना सारखा. फ्रेंच हेलिकॉप्टर असल्यामुळे वरून बघितलं तर रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, तेव्हा पात्याची जाड कड त्या बाजूला, नाहीतर पातं उलटं बसतं. आणि हे बघा, अगदी जवळून: एका पात्यापासून दुसऱ्या पात्यापर्यंत बारीक केबल ताणलेली आहे. छोट्या किटमध्ये ती बहुधा नसते. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न टेकवता, मऊ होईपर्यंत फिरवायचा आणि बाहेर काढून दोन्ही हातांनी ओढायचा, जितकं जोरात ओढाल तितकी तार बारीक. तीन तुकडे कापले, टोकाला ग्लूचा ठिपका, झालं. रोटर मात्र दांड्यावर चिकटवू नका, नुसता बसवा. मॉडेल कुठे न्यायचं असेल तर तो काढून वेगळ्या डब्यात कापसावर ठेवता येतो, नाहीतर फोंडा ते पणजी जाईपर्यंत पहिली तुटते ती केबलच.