कोळशाच्या गावातलं कोवळं रान

(कॅनॉलच्या काठाने सरळ जाणारी वाट. पाण्यावर धुकं. पावलांचा आवाज.)

ही वाट बघा. चढ नाही, उतार नाही, एक पायरीसुद्धा नाही. एका हाताला कॅनॉलचं संथ पाणी, दुसऱ्या हाताला सडसडीत बर्चची रांग. माझी आई बहात्तर वर्षांची आहे. गुडघ्यांनी तिला जेरीस आणलंय. आणि आत्ता ती माझ्या दहा पावलं पुढे चालतेय.

हे गाव मॉयरा. इंग्लंडच्या अगदी पोटात, लेस्टरपासून गाडीने पाऊणएक तासावर.

आपण मराठी माणसं डोंगरवेडी. फिरायला जायचं म्हणजे गड चढायचा, घाम गाळायचा, उतरताना गुडघे थरथरले पाहिजेत. मीही तसाच. लेस्टरला आल्यावर कितीतरी वर्षं सुट्टी मिळाली की पीक डिस्ट्रिक्ट नाहीतर वेल्सचे डोंगर गाठायचो. घराजवळच्या या सपाट वाटांकडे ढुंकून पाहिलं नाही. आई आली आणि तिला घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न पडला, तेव्हा पहिल्यांदा इथे आलो. आता डोंगरांपेक्षा जास्त वेळा इथेच येतो.

(विटांची उंच, चौकोनी जुनी भट्टी. तिच्या शेजारून कॅनॉल.)

चालायला सुरुवात करायची ती या भट्टीपासून. मॉयरा फर्नेस. लोखंड गाळण्यासाठी १८०४ ते १८०६ या काळात बांधलेली. कोळसा इथल्याच जमिनीतला, माल न्यायला दारातच नवा कॅनॉल. तरीही ती धड चालली नाही, थोड्याच वर्षांत विझली. पुढे या इमारतीत बिऱ्हाडं राहिली. भट्टी फारशी वापरली गेली नाही म्हणूनच इतकी शाबूत उरली, आणि आज तिथे संग्रहालय आहे.

ही भट्टी ज्याच्या जमिनीवर उभी राहिली, त्याचं नाव फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज, अर्ल ऑफ मॉयरा. किताब मूळचा आयर्लंडमधला, त्यावरूनच या गावाला मॉयरा म्हणू लागले. हाच माणूस १८१३ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. शाळेच्या इतिहासात आपण त्याला लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणून वाचलंय. वॉरन हेस्टिंग्ज तो वेगळा, आधीचा. याच्या कारकिर्दीत तिसरं इंग्रज-मराठा युद्ध झालं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर युनियन जॅक, आणि पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती.

हे नाव मला इथे भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर मी लहानपणी कितीदा उभा राहिलोय. आणि तो वाडा ज्याच्या राज्यात गेला त्याची भट्टी ही अशी, आणि तिच्या सावलीत बाकावर बसून माझी आई थर्मासमधला चहा ओततेय. आईला सांगितलं, तर ती भट्टीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चल, ऊन आहे तोवर चालून घेऊ."

(कॅनॉलवरचं लॉक. लाकडी दरवाजे, पाझरणारं पाणी.)

ही वाट इतकी सपाट का, हे समजलं की चालायला अजून मजा येते. अ‍ॅशबी कॅनॉल १८०४ साली सुरू झाला, कोळसा वाहून न्यायला. एकतीस मैलांचा कॅनॉल, आणि त्यावर एकही लॉक नव्हतं. लॉक म्हणजे पाण्याचा जिना, बोट वर-खाली करायचा हौद. इथे त्याची गरजच पडली नाही, कारण खोदणाऱ्यांनी जमिनीची एकच उंची धरली आणि तिच्या कलाने वळणं घेत कॅनॉल नेला. घोडे काठाने बोटी ओढायचे. आज आपण त्याच घोड्यांच्या वाटेवरून चालतोय.

पण मग हे लॉक कुठून आलं? ज्या कोळशासाठी कॅनॉल खणला, तोच कोळसा खालून काढत राहिले. खालची पोकळी बसत गेली, तशी वरची जमीन खचली. कॅनॉल फुटायला लागला आणि विसाव्या शतकात मॉयराकडचं टोक टप्प्याटप्प्याने बंद पडलं. काही वर्षांपूर्वी त्यातला एक तुकडा पुन्हा खोदून पाण्याने भरला, तेव्हा दोन्हीकडची पातळी जुळेना. म्हणून हे नवं लॉक बांधावं लागलं. दोनशे वर्षांत जमीन किती खाली गेली, ते या दरवाज्यांपाशी उभं राहून डोळ्यांनी मोजता येतं.

(वाट झाडीत शिरते.)

आता डॉनिसथॉर्प. इथे कोळशाची खाण होती, ती १९९० मध्ये बंद झाली. शेजारची रॉडन खाणही त्याच सुमाराला. रॉडन हे त्या लॉर्डसाहेबांच्या घराण्याचंच नाव. पिढ्यान्‌पिढ्या खाणीवर जगलेल्या गावांचा रोजगार गेला. मागे उरले खाणीतून उपसलेल्या मातीदगडाचे काळे ढिगारे.

(बुटाच्या टोकाने वाटेची कड उकरली जाते. जवळून.)

इथे थांबा. वरचा पाचोळा बाजूला केला की खाली हे दिसतं. काळा, पापुद्र्यापापुद्र्याचा दगड. पाऊस पडून गेला की कोळशाच्या वखारीसारखा चमकतो. यात कस नाही, ओल धरत नाही, यंत्रांनी दाबून दाबून घट्ट झालेला. यावर झाड लावायचं, ही कल्पनाच धाडसाची होती.

ती कल्पना १९८७ साली कंट्रीसाइड कमिशनने, म्हणजे ग्रामीण निसर्गाचं काम पाहणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने मांडली. इंग्लंडच्या मधोमध, जिथे झाडी फार विरळ, तिथे नवं जंगल उभं करायचं. १९९० मध्ये जागा ठरली. लेस्टरशर, डार्बीशर आणि स्टॅफर्डशर या तीन परगण्यांतला दोनशे चौरस मैलांचा पट्टा. १९९५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. नाव दिलं नॅशनल फॉरेस्ट. तेव्हा या भागात झाडी होती जेमतेम सहा टक्के. आज ती वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहे, आणि लावलेल्या झाडांची संख्या नव्वद लाखांवर.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की कुणाला उठवलं नाही. गावं तशीच, शेतं तशीच, शहरंसुद्धा आतच. शेतकऱ्याला विचारलं, तुझ्या जमिनीवर झाडं लावायला तू किती घेशील? त्याने आकडा सांगायचा. परवडला आणि जागा योग्य असली की करार. जंगल म्हटलं की आधी माणसांना बाहेर काढायचं, हे आपण इतक्या ठिकाणी पाहिलंय की हे ऐकून मला फार बरं वाटलं.

(ओळीत उभी झाडं. एका खोडाला फाटकी प्लास्टिकची नळी.)

नीट पाहिलं तर हे रान कोवळं आहे ते कळतं. झाडं ओळीत आहेत, कारण माणसाच्या हाताने लावलीत. सगळी साधारण एका वयाची. लावली तेव्हा हातभर उंचीच्या काड्या होत्या. सशांनी आणि हरणांनी कुरतडू नये म्हणून प्रत्येकीला अशी नळी घातलेली. हे बर्च आपल्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाचं भावंड. साल तशीच कागदासारखी सुटते. आणि हे ऑल्डर. तूर-मुगाच्या मुळांवर जशा गाठी असतात, तशाच याच्या मुळांवर असतात, हवेतला नायट्रोजन धरून ठेवणाऱ्या. निकस जमिनीत आधी अशी झाडं तगतात, जमीन सुधारतात, मग ओकसारख्या सावकाश वाढणाऱ्यांचं फावतं.

इथे जुन्या इंग्लिश रानातला निळ्या ब्लूबेलच्या फुलांचा गालिचा शोधू नका. ती फुलं फार हळू पसरतात, त्यांना पोचायला अजून बराच काळ लागेल. आईचं माहेर कोकणातलं, तिच्या गावाला देवराई आहे. ती म्हणाली, "आमच्या राईत शिरलं की अंधारून येतं. इथे सगळीकडे उजेडच उजेड." तिने नेमकं सांगितलं. कोवळ्या रानात ऊन जमिनीपर्यंत पोचतं, म्हणून वाटेच्या कडेला गवत आहे, काटेरी ब्रॅम्बल आहे, फुलपाखरं आहेत. एप्रिल-मेमध्ये आलात तर विलो वॉर्बलरचं वरून खाली घसरत येणारं गाणं ऐकू येईल. त्या पक्ष्याला असंच विरळ, तरणं रान लागतं. झाडं दाटली की तो दुसरीकडे जाईल, त्याच्या जागी घनदाट रानातले पक्षी येतील.

दुःखाचीही एक गोष्ट आहे. जवळच्या मोठ्या गावाचं नाव अ‍ॅशबी, म्हणजे अ‍ॅशच्या झाडांची वस्ती. नव्या रानात अ‍ॅश भरपूर लावला होता. २०१२ साली ब्रिटनमध्ये त्या झाडाला मारणारी बुरशी सापडली, आणि तेव्हापासून तरणी अ‍ॅशची झाडं शेंड्याकडून वाळत चालली आहेत. अशी निष्पर्ण शेंड्याची झाडं वाटेत दिसतील.

(कंट्री पार्कचं गाडीतळ. मुलं, म्हातारे, कुत्री.)

अशा वाटा सगळ्या देशभर सापडतात, त्यामागे एक कायदा आहे. १९६८ चा कंट्रीसाइड अ‍ॅक्ट. लोकांकडे मोटारी आल्या होत्या, रविवारी सगळेच गावाबाहेर पडत होते. मग ठरलं की शहराच्या जवळच कंट्री पार्क करायचे. गाडी लावायला जागा, स्वच्छतागृह, सोप्या वाटा. खूप ठिकाणी बंद पडलेल्या खाणी, खडी काढलेले खड्डे यांचेच पार्क झाले. ज्याला डोंगर चढवत नाही, ज्याच्याकडे बाबागाडी आहे, ज्याला फक्त तासभर मोकळी हवा हवी आहे, त्याचा विचार सरकारी कागदावर कुणीतरी केला. मला या कायद्याबद्दल मनापासून आदर आहे.

तुम्ही येणार असाल तर जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट आणा. पाऊस झाला की शेतातल्या वाटेवर चिकणमाती घोट्यापर्यंत येते. पिवळा बाण दिसला की ती पायी चालणाऱ्यांच्या हक्काची वाट, मग ती एखाद्याच्या शेतातून का जाईना. फाटक उघडलंत तर लावून घ्या. डिसेंबरात चारला अंधारतं, तेव्हा दुपारच्या आत निघा.

(परतीची वाट. जुन्या रेल्वेचा सरळ पट्टा. दुतर्फा झाडं.)

परत येताना कॅनॉल सोडून जुन्या रेल्वेमार्गाने या. रूळ कधीच उखडले, पण गाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे मीशमपासून मॉयरापर्यंतचा हा पट्टा आजही तळहातासारखा सपाट आहे. आईच्या गुडघ्यांना हे रेल्वेचे इंजिनिअर फार आवडले.

वाटेत एका ठिकाणी काही झाडं तोडून रचून ठेवली होती. लोक हे बघून चिडतात, लावलेली झाडं तोडता कशाला म्हणून. पण दाटीत लावलेली झाडं पंधरा-वीस वर्षांनी एकमेकांचा उजेड खातात. मधली काढली तर उरलेली रुंद होतात, खाली पुन्हा काही उगवतं. भाताची दाट झालेली रोपं आपण नाही का विरळतो, आईनेच मला समजावलं.

(कापलेल्या बुंध्याचा चेहरा. सुरकुतलेलं बोट वर्तुळांवरून फिरतंय.)

मग गुडघ्यावर हात ठेवून ती हळूच वाकली आणि बर्चच्या बुंध्यावरची वर्तुळं नखाने मोजायला लागली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा पुरी केली.

"चोवीस," ती म्हणाली. "तू दहावीला होतास तेव्हाचं आहे रे हे."