अथणीच्या ओसरीवर आलेली बॅग

[दृश्य : अथणी. सकाळचे नऊ. ओसरीवर पसरलेलं कातडं, पाण्यात भिजत घातलेले तुकडे. कातडं कापायची रापी चालल्याचा आवाज.]

बेळगावहून चिकोडीमार्गे अथणीला यायला तीनएक तास लागतात. माझ्या मांडीवर एक बॅग होती आणि शेजारी माझी भाची. निम्मा रस्ता ती नुसती खिडकीबाहेर बघत बसली होती.

भाची पुण्यात नोकरी करते. पहिला बोनस हातात आला तेव्हा तिनं बरीच वर्षं मनात धरलेली एक वस्तू घेतली, लुई व्हिताँ या महागड्या परदेशी कंपनीची 'नेव्हरफुल' नावाची बॅग. नवी परवडत नव्हती, म्हणून वापरलेली घेतली. ऑनलाइन, ४५ हजारांना. विकणारा म्हणाला, २०२२ ची आहे, एकदम ओरिजिनल. दिवाळीत ती बेळगावात टिळकवाडीच्या घरी आली. फराळाची ताटं बाजूला सरली, बॅग या हातातून त्या हातात गेली आणि वहिनींनी आतला शिक्का वाचला : मेड इन यूएसए.

"अगं, कंपनी पॅरिसची आणि बॅग अमेरिकेत कशी झाली? फसलीस की गं!"

पोरीचा चेहरा उतरला. घरात निकाल लागून गेला.

मला तो निकाल पटला नाही. नाव एका गावाचं आणि राबणारे हात दुसऱ्या गावचे, हे आम्ही सीमाभागातली माणसं लहानपणापासून बघत आलोय. कोल्हापूरच्या दुकानात टांगलेली चप्पल पुष्कळदा अथणीत, मदभावीत नाहीतर निपाणीत शिवलेली असते. म्हणून ती खोटी होते का? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन्ही राज्यांची नावं एका कागदावर आली, ती या चपलेमुळे.

[दृश्य : बॅगेचा आतला शिक्का, जवळून.]

व्हिताँचं दुकान पॅरिसमध्ये १८५४ साली निघालं. शहराला लागून असलेल्या आनिएरमध्ये १८५९ ला त्यांनी कारखाना काढला, तो अजून आहे. पण आज त्यांच्या बॅगा फ्रान्सबरोबरच स्पेन, इटली आणि अमेरिकेतही तयार होतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिमासला कित्येक वर्षं त्यांचं काम चालत आलं. टेक्सासमधला कारखाना २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हजर होते. म्हणजे वहिनींनी वाचलेला शिक्का एवढ्यानं खोटा ठरत नाही.

महागड्या बॅगा करणाऱ्या बाकीच्या कंपन्यांचंही सांगते. शनेलच्या बॅगा फ्रान्स आणि इटलीत होतात. गुच्चीचा जन्म १९२१ चा, फ्लॉरेन्सचा. त्याच शहराला चिकटून स्कांदिची नावाचं गाव आहे, जिथं मोठमोठ्या घराण्यांच्या बॅगा शिवणाऱ्या लहान-मोठ्या कार्यशाळा दाटीवाटीनं आहेत. कातडं कमावायचं काम पिसाकडच्या सांता क्रोचे गावात चालतं. कोच ही न्यूयॉर्कची कंपनी, १९४१ ची, पण तिच्या बॅगा व्हिएतनाम, कंबोडिया, फिलिपिन्समधून येतात. त्यामुळे कोचच्या बॅगेत 'मेड इन व्हिएतनाम' दिसलं तर दचकायचं कारण नाही. आणि आपल्याकडे कोलकात्यात, चेन्नईच्या आसपास परदेशी कंपन्यांसाठी चामडी वस्तू शिवल्या जातात, हेही आपल्याला ठाऊक असायला हवं.

देशाचं नाव सगळं सांगत नाही, याचा आणखी एक दाखला. २०२४ च्या जूनमध्ये मिलानच्या न्यायालयानं डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या एका उत्पादन कंपनीवर देखरेख बसवली. मिलानजवळच्या उपकंत्राटदारांकडे कामगार वाईट अवस्थेत राबत असल्याचं तपासात आलं होतं. सरकारी वकिलांच्या कागदपत्रांनुसार एका बॅगेच्या जुळणीला ५३ युरो दिले जात, कातड्याचा खर्च वेगळा. तीच बॅग दुकानात २,६०० युरोंना होती. पुढच्या वर्षी ती देखरेख उठली. त्या बॅगा अस्सलच होत्या आणि त्यांच्यावरचं 'मेड इन इटली'ही खरंच होतं. तरी त्या ५३ युरोंमधले शिवणाऱ्याच्या हातात किती पडले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

[दृश्य : कारागिराचे हात. बॅग गुडघ्यावर.]

ज्यांच्याकडे आम्ही आलो, ते मामा पन्नास वर्षं चपला शिवतायत. लुई व्हिताँ हे नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी शिक्का वाचलाच नाही. चष्मा कपाळावर सरकवला, बॅग उलटी धरली आणि हँडल नाकाला लावलं.

"अक्का, हे कातडं कशात कमावलंय म्हणतात?"

मी वाचून गेले होते ते सांगितलं. फुलांच्या नमुन्याच्या नेव्हरफुलच्या हँडलचं कातडं झाडाच्या सालीत कमावलेलं असतं, वरून कसलाही लेप नाही. नवं असताना फिकट, गव्हाळ. ऊन आणि हाताचा घाम लागून ते हळूहळू मधाच्या रंगावर जातं.

मामा हसले. "म्हणजे आमच्यागतच की! आम्ही बाभळीच्या सालीत न् हिरड्यात कमवतो. खरं याला सालीचा वास न्हाई, रंगाचा वास हाय."

मग त्यांनी भाचीला विचारलं, "बाळ, पाणी लावू का एक थेंब?" तिनं मान हलवली. हँडलच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, त्यांनी बोटाच्या टोकानं थेंब ठेवला. शेजारी स्वतःच्या चपलेच्या पट्ट्यावर दुसरा. पट्ट्यावरचा थेंब बघता बघता आत शिरला, तिथं काळसर डाग उमटला. हँडलवरचा थेंब मोत्यासारखा गोल, तसाच बसून राहिला. मामांनी फुंकर मारली, तो घरंगळला.

हा प्रयोग घरी करू नका. बॅग अस्सल असली तर डाग कायमचा राहू शकतो.

भाचीनं बॅग घेऊन सात महिने झाले होते. ती रोज ऑफिसला नेत होती, तरी हँडल घेतलं तेव्हा जसं होतं तसंच. मामा म्हणाले, "हात लागून बदलत न्हाई ते कातडं कसलं?"

[दृश्य : हँडल जिथं बॅगेला जोडलंय ती जागा. टाके.]

मग टाके. डावीकडच्या पट्टीवर त्यांनी भोकं पाडायच्या आरीच्या टोकानं एकेक टाका मोजला, नंतर उजवीकडच्या. एका बाजूला दोन टाके कमी. आतल्या शिक्क्यात इंग्रजी 'एल'चा आडवा पाय लांब होता. व्हिताँच्या अक्षरांत तो आखूड असतो आणि 'ओ' चांगला गरगरीत गोल. हे मी मोबाइलवर कंपनीच्या पानाशी ताडून पाहिलं.

राहिला आतल्या पट्टीवरचा कोड : एसडी १२४२. एसडी ही सॅन डिमासची अक्षरं. चार आकड्यांतला पहिला आणि तिसरा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. १४ वा आठवडा, २०२२. विकणाऱ्याच्या बोलण्याशी अगदी जुळतं. पण मार्च २०२१ पासून व्हिताँनं असे कोड छापणं थांबवलं आणि बॅगेत चिप बसवायला सुरुवात केली. २०२२ च्या बॅगेत तो कोड असायलाच नको होता.

बॅग खोटीच निघाली. वहिनींचा निकाल बरोबर आला, पण कारण चुकीचं होतं. आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण त्याच कारणानं उद्या कुणी खरी बॅग फेकून देईल, किंवा 'मेड इन फ्रान्स' छापलेली खोटी बॅग डोळे मिटून घेईल. शिक्का मारायला काय लागतं?

नक्कल आजची नाही. फुलांचा आणि एलव्ही अक्षरांचा व्हिताँचा प्रसिद्ध नमुना १८९६ सालचा. तो काढला गेला, त्यामागं आधीच्या नमुन्यांची झालेली नक्कल हेही एक कारण होतं. आता तोच नमुना जगभर सर्रास चोरला जातो.

प्रत्येक घराण्याची खूण निराळी. शनेलच्या कुलपावर एकमेकांत अडकलेले दोन 'सी' असतात, त्यांतला उजवा 'सी' वरच्या बाजूला डाव्याच्या अंगावरून जातो, खालच्या बाजूला डावा उजव्यावरून. शिवाय बॅगेवरच्या चौकटी खिशाच्या कडेशी न तुटता पुढं जातात. गुच्चीच्या आतला आकडा एकाच बॅगेचा नसतो, त्या प्रकारच्या कितीतरी बॅगांवर तोच येतो, म्हणून आकडा जुळला की झालं असं समजू नका. एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या बॅगेसोबत कुणी 'अस्सलपणाचं कार्ड' दिलं तर सावध व्हा, ते कार्ड एर्मेस देतच नाही. आणि व्हिताँ, शनेल, एर्मेस यांच्या बॅगांचे सेल सहसा लागत नाहीत. 'कंपनीचा सेल, ७० टक्के सूट' हे वाक्य दिसलं की पुढं वाचूच नका.

एर्मेसचं ऐकून मामा सरसावून बसले. १८३७ साली घोड्यांचा साज आणि लगाम शिवणारं ते दुकान. त्यांच्या बॅगा आजही फ्रान्समध्ये हातानं शिवतात, आणि बहुतेक बॅगा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच कारागिराच्या हातून होतात. मेण लावलेला लिननचा, म्हणजे जवसाच्या तंतूंचा, एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून जाणाऱ्या. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. यंत्राची शिलाई तुटली की उसवत जाते.

"बरोबर," मामा म्हणाले. "एक गेला तर दुसऱ्यानं धरायचं."

भाचीनं ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. खोट्या ब्रँडचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षांची कैद होऊ शकते. पैसे अजून आलेले नाहीत.

[दृश्य : ओसरी. दुपारचं ऊन आत आलंय.]

निघताना प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा विषय निघाला. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. मोठा गदारोळ झाला. डिसेंबरमध्ये प्राडानं महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या बाबू जगजीवन राम महामंडळाशी करार केला. दोन्ही राज्यांत मिळून २,००० जोड करायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. मामांनी ते ऐकलं होतं. मी त्यांना सांगितलं, एर्मेसच्या बॅगेत शिवणाऱ्याची स्वतःची खूण असते, बारीक ठशानं उठवलेली.

त्यांनी हातातली चप्पल उलटी केली, पट्टा जिथं तळात शिरतो तिथलं कातडं अंगठ्यानं जरा बाजूला केलं. आत आरीची चार बारीक भोकं, एका ओळीत.

"बाबांची तीन असायची," मामा म्हणाले. "माझी चार. पोरगा शिकला तर त्याची पाच."

भाची वाकून ती भोकं मोजत होती.