पिंजऱ्यातली कॉफी

(दृश्य: जुन्या नाशकातले वाडे, रात्र)

वाड्याच्या माळ्यावर रात्री धडधड झाली, की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "उदमांजर असेल, झोपा." अंगानं करडं, लांब शेपटाचं, एकटं फिरणारं जनावर. फळं, किडे, उंदीर, जे मिळेल ते खातं. याच्याच इंडोनेशियातल्या भाऊबंदांच्या विष्ठेतून जगातल्या महागड्या कॉफींपैकी एक निघते: कोपी लुवाक. बालीला जाऊन आलेल्यांच्या बॅगांतून ती आता आपल्याकडेही पोचते.

(दृश्य: वाळत घातलेल्या बिया)

सुरुवात १९व्या शतकातली, डच अमलातली. मळ्यावर राबणाऱ्यांना स्वतःसाठी कॉफी तोडायला बंदी होती, म्हणून त्यांनी उदमांजराच्या विष्ठेतल्या बिया वेचल्या, असं सांगतात. उदमांजर कॉफीचं फळ खातं; गर पोटात पचतो, बी अख्खी बाहेर पडते. ती धुतात, वाळवतात, साल काढून भाजतात. पोटातल्या पाचकरसांनी बीतली काही प्रथिनं तुटतात, असं कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मासिमो मार्कोने यांना २००४ च्या अभ्यासात दिसलं. कडवटपणा कमी होतो तो त्यामुळे, असं म्हणतात.

पण खरी मेख निवडीत आहे. रानातलं उदमांजर नेमकं पिकलेलं फळ हेरतं. द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको; कुठला घड तयार झालाय, ते रात्रीच्या चोराला मालकाच्या आधी कळतं!

पिंजऱ्यात ही निवडच संपते. पुढ्यात टाकलेली कॉफीची फळं खायची, बस्स. म्हणजे ज्या गुणासाठी एवढे पैसे मोजायचे, तोच गायब.

(दृश्य: तारेचे पिंजरे)

१९९१ मध्ये कॉफी व्यापारी टोनी वाइल्ड यांनी ही कॉफी ब्रिटनमध्ये नेली. मागणी वाढली, तशी रानातली उदमांजरं पकडून कोंडली जाऊ लागली. पुढे वाइल्ड स्वतःच तिच्याविरुद्ध मोहीम चालवू लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बालीतल्या १६ मळ्यांवरची जवळपास ५० उदमांजरं पाहिली. अरुंद पिंजरे, तारेची जमीन, मलमूत्रात बसलेली जनावरं. कित्येक मळ्यांवर पर्यटक येतात, कॉफी चाखतात, दिवसा झोपणाऱ्या या प्राण्यासोबत फोटो काढतात.

पाकिटावर 'रानातली' असं छापलेलं असतं. बी एकदा भाजली, की ती रानातली का पिंजऱ्यातली, हे गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं?

बालीच्या टूरमध्ये 'कॉफी मळ्याला भेट' असेल, तर बुकिंगच्या वेळीच विचारा, तिथे पिंजरे आहेत का. असतील, तर तो थांबा गाळायला सांगा.