फटीत शिरलेलं पाणी

[ओला कातळ, अगदी जवळून]

केसाएवढी फट. थेंब ओघळत येतो, तिच्यात शिरतो आणि दिसेनासा होतो. खडक फोडण्याचं श्रेय ऊन, थंडी, मीठ, मुळं अशा सगळ्यांना दिलं जातं. पण बहुतेक वेळा त्यांच्या जोडीला पाणी असतंच.

खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो, त्याला विदारण म्हणतात. सुटलेले तुकडे उचलून नेणं हे नदीचं, वाऱ्याचं, हिमनदीचं काम. या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

[गोठणारी फट, वेगवान चित्रण]

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. फटीचं तोंड आधी गोठलं की तिथं बर्फाचं बूच बसतं. आतल्या पाण्याला वाट उरत नाही, सगळा ताण दोन्ही भिंतींवर येतो. शिवाय आजूबाजूच्या छिद्रांतलं पाणी बर्फाकडे ओढलं जातं आणि बर्फाचा थर जाड होत जातो. अनेक खडकांत हे काम उणे ३ ते उणे ८ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जोरात चालतं. फट कोरडी असेल, तर हा मारा होतच नाही.

[उन्हात तापलेला ग्रॅनाइट]

मग नुसत्या उन्हाचं काय? १९३६ साली भूवैज्ञानिक डेव्हिड ग्रिग्ज यांनी ग्रॅनाइटचा तुकडा हजारो वेळा तापवला आणि कोरडाच थंड केला. सुमारे २४४ वर्षांच्या दिवस-रात्रींइतक्या फेऱ्या झाल्या, तरी डोळ्यांना बदल दिसला नाही. थंड करताना पाणी वापरलं, तेव्हा थोड्याच फेऱ्यांत तडे दिसू लागले. निसर्गातले मोठे खडक निव्वळ उन्हानंही तडकू शकतात, पण पाण्याची साथ मिळाली की काम फार लवकर होतं.

[किनाऱ्यावरचा वालुकाश्म]

हे मधाच्या पोळ्यासारखे खळगे मिठाचे. खारं पाणी छिद्रांत मुरतं, वाळतं, स्फटिक वाढतात आणि कणांना एकमेकांपासून ढकलतात. नुसतं बोट फिरवलं तरी वाळू झरते.

[फोडलेला दगड, आतली बाजू]

आता हा गोलसर दगड बघा. गाभा करडा, टणक. कडेला तांबूस-पिवळी साल, नखानं खरवडली तरी भुगा पडतो. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, म्हणून ते किंचित आम्ल असतं, सामू (pH) सुमारे ५.६. चुनखडक त्यात विरघळूनच जातो. इथं मात्र फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते आणि खनिजांतलं लोह गंजतं. तांबूस रंग त्या गंजाचा. साल आत आत सरकत राहते आणि शेवटी अख्ख्या खडकाचा मुरूम होतो.

दगड गोल का झाला, तेही इथंच कळतं. सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेनं काम करतं, कडेवर दोन, कोपऱ्यावर तीन. कोपरे आधी जातात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात.

आणि फुटण्यानं कुजण्याला केवढं बळ मिळतं! १ मीटरच्या घनाकृती ठोकळ्याला ६ चौरस मीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच १ सेंटिमीटरचे ठोकळे केले, की ६०० चौरस मीटर. प्रत्येक नवी फट पाण्याला नवा दरवाजा उघडून देते.

[दगडफूल, फटीत घुसलेलं मूळ]

दगडफुलं आम्लं सोडतात, मुळं फटी रुंदावतात. मुरमात पालापाचोळा कुजून मिसळला की माती तयार होते.

[तळहातावर वाळू]

अग्निजन्य खडकातली सगळी खनिजं एका वेगानं जात नाहीत. ऑलिव्हिन सर्वांत आधी कुजतं, क्वार्ट्झ सर्वांत शेवटी. हा क्रम भूवैज्ञानिक गोल्डिच यांनी १९३८ साली मांडला. ग्रॅनाइट कुजून सुटलेल्या या वाळूत काचेसारखे चमकणारे कण आहेत ना, ते क्वार्ट्झचे. बाकीचं बरंचसं पाण्यानं कधीच नेलंय.