तारखा नसलेला तक्ता

(वर्षअखेरीच्या सभेतल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बंधुभगिनींनो, वर्षभर रोज पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं तर आधी तयारी काय करावी, यावर मला बोलायचं आहे. हिशेब तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे रोजचे सव्वातीन. एरवी तीन आणि रविवारी पाच वाचले की डिसेंबरअखेर शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, संपतं.

एक जानेवारीला पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पहिला अध्याय वाचलेले किती जण आहेत? हात वर करा. वा, सगळं सभागृह! आता त्याच वर्षी लेवीय हे नियमांचं तिसरं पुस्तक ओलांडून चौथ्या, गणनेपर्यंत पोचलेल्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती खाली आले. उत्पत्तीचे 50 अध्याय, दुसऱ्या पुस्तकाचे, निर्गमचे, 40. या चालीनं लेवीय येतं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तिथंच गाडी अडते. लोक म्हणतात, लेवीय रुक्ष आहे. मला ते पटत नाही. का, ते सांगायला आईची गोष्ट सांगावी लागेल.

मी आठवीत होतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या वर्षी भिंतीवर मोठा तक्ता लावला. डावीकडे नावं, वर तारखा. आठवड्याचं वाचन पुरं झालं की रविवारी उपासनेनंतर नावापुढं निळी खूण, राहिलं तर चौकट कोरी. हेतू चांगलाच होता. आई चौथी शिकलेली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. एका अध्यायाला पाव तास लागायचा. त्याआधी ती रोज दिवेलागणीला एक स्तोत्र वाचायची, कितीतरी वर्षं. तक्ता लागल्यावर तिनंही नाव दिलं. कांद्याच्या लागणीचे दिवस, दिवसभर रोजानं जायचं आणि रात्री कंदिलाशी बसायचं. उत्पत्ती संपलं, निर्गम संपलं, लेवीय सुरू झालं. आणि धाकट्याला टायफॉइड झाला.

बारा दिवस ती दवाखान्यात त्याच्या उशाशी होती. घरी आली तेव्हा चाळीसेक अध्याय अंगावर चढले होते. तिनं दोन रात्री जागून पाहिलं, जमेना. मग एका रविवारी माझ्या लक्षात आलं की आशीर्वाद होताच आई मागच्या दारानं निघते. पुढच्या दाराशी तक्ता होता ना! थोड्या दिवसांनी शास्त्र ट्रंकेत गेलं. दिवेलागणीचं स्तोत्रसुद्धा थांबलं. सहा वर्षं थांबलं. तिला कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. त्या कोऱ्या चौकटीच बोलत होत्या. हे आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

कॉलेजच्या सुटीत मी घरी आलो होतो. ट्रंक आवरताना ती म्हणाली, "कुठं राहिलं होतं रे माझं?" दुधाच्या कार्डाचा तुकडा लेवीयच्या अकराव्या अध्यायात तसाच होता. आम्ही तिथूनच वाचायला लागलो, मागचं काही न भरता. बाराव्यात बाळंतिणीच्या शुद्धीचा नियम आहे: कोकरू आणावं, आणि ते आणायची ऐपत नसेल तर दोन पारवे किंवा होल्यांची जोडी चालेल. हा अध्याय गाळला, तर लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येशूला घेऊन योसेफ आणि मरीया पाखरांचं अर्पण द्यायला का येतात, हे कसं कळणार? प्रभूचं घर गरीब होतं, ते तिथं कळतं.

मग एकोणिसावा अध्याय आला. कापणी करताना शेताच्या कडा पार कापू नका, सरवा, म्हणजे मागं पडलेली कणसं, वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. आईचं बोट थांबलं. लहानपणी ती तिच्या आईबरोबर बाजरीचा सरवा वेचायला जायची आणि एकदा एका शेतमालकानं दोघींना ओंजळीतली कणसंसुद्धा टाकायला लावून हाकललं होतं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो आमचा हक्क होता?" पुढं रूथच्या पुस्तकात गरीब, परकी विधवा रूथ बवाज या शेतमालकाच्या शेतात सरवा वेचते तो भाग आला तेव्हा आईनं तो एका दमात वाचला. 'आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' ही आज्ञासुद्धा याच एकोणिसाव्या अध्यायात आहे. आपण जिथं पुस्तक मिटतो तिथून चार पानांवर. आईचं सगळं शास्त्र वाचून व्हायला दोन वर्षं चार महिने लागले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सातच मिनिटं उरली. विषय तयारीचा होता, तेव्हा भरभर सांगतो.

वेळ आणि जागा डिसेंबरातच ठरवा. पारायणाला बसणारी आपली शेजारी मंडळी आधी पाट, जागा, वेळ ठरवतात. ते आपण त्यांच्याकडून घ्यावं.

भाषा कळेल अशीच घ्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत भाषांतर केलं, ते कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या, ग्रंथ 1924 साली बाहेर आला. अडलेलं मोठ्यानं वाचा.

अध्यायाच्या रेघेला भिऊ नका. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात. यशयातल्या दुःखसहन करणाऱ्या सेवकाचं गीत 52व्या अध्यायाच्या 13व्या वचनाला सुरू होतं आणि 53 संपेपर्यंत चालतं. मध्ये कशाला थांबायचं? लेवीयचा सोळावा वाचाल त्या दिवशी इब्री लोकांस पत्राचा नववाही वाचा. महायाजक मंदिराच्या पडद्याआड का जातो, ते उलगडेल.

आणि राहिलेले दिवस भरायचे नाहीत. स्कॉटलंडमध्ये डंडीच्या रॉबर्ट मॅकशेन या तरुण पाळकांनी डिसेंबर 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षाचा तक्ता केला. रोज चार अध्याय, दोन कुटुंबात, दोन एकांतात. जगभर तो आजही वापरतात. पण त्यांनी तक्त्यासोबतच धोकेही लिहून दिले होते: नुसता रिवाज म्हणून वाचणं, स्वतःला नीतिमान समजणं, निष्काळजीपणा, आणि हे जू कुणाला फार जड होणं. हा शेवटचा धोका आमच्या भिंतीवर कुणी लिहिला असता तर! ते स्वतः मार्च 1843 मध्ये वारले, वयाच्या 29व्या वर्षी. त्यांच्या तक्त्याचं पहिलं वर्ष तेव्हा तीन महिन्यांचंही झालं नव्हतं.

त्यांचा पहिला दिवस असा आहे: उत्पत्ती 1, मत्तय 1, एज्रा 1, प्रेषितांची कृत्ये 1. चारही आरंभाचे. त्याच क्रमाचा कागद मी छापून आणला आहे, मागच्या बाकावर ठेवला आहे. त्यात दिवसांना आकडे आहेत, तारखा नाहीत. नावाची जागाही ठेवलेली नाही. जाताना घेऊन जा, आणि घरी कुणी थांबलेलं असेल तर त्यांच्यासाठी आणखी एक घ्या.