पाव शिवाराएवढी नगरपालिका

श्रोतेहो, नमस्कार.

वणी तालुक्यातल्या माझ्या गावाचं शिवार हजार-बाराशे एकरांचं. पऱ्हाटी, तूर, थोडा हरभरा, मधून जाणारा नाला आणि वरच्या अंगाला गावठाण. आज बेल्जियममधल्या ज्या नगरपालिकेबद्दल बोलायचं आहे, ती या शिवाराच्या पाव हिश्श्यात बसते. क्षेत्रफळ 1.14 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण 282 एकर. तेवढ्यात 27 हजारांच्या आसपास माणसं राहतात. 2011 च्या जनगणनेत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला 204 माणसं होती आणि गडचिरोलीत 74. त्या नगरपालिकेत तेवढ्याच जागेत 23 हजारांहून जास्त आहेत.

नगरपालिकेचं नाव फ्रेंचमध्ये सँ-जोस-तेन-नोद आणि डचमध्ये सिंट-योस्ट-तेन-नोडे. दोन्ही भाषा सरकारी, म्हणून रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर नाव दोनदा. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स आपण एक शहर समजतो, पण तो प्रदेश 19 नगरपालिकांचा मिळून झालेला आहे. प्रत्येकीची सभा वेगळी, नगराध्यक्ष वेगळा. त्या 19 मध्येच नव्हे, तर सगळ्या बेल्जियममध्ये क्षेत्रफळाने सगळ्यात लहान आणि दाटीने सगळ्यात वर, ती ही.

लेक आणि जावई तिथे भाड्याने राहतात, म्हणून मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं दोन महिने राहून आलो. पहिल्या दिवशी खिडकीतून खाली बघत आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्या मानसाइले पानी पुरते कसं, बाप्पा?" नळाला पाणी चोवीस तास होतं. दाटी मात्र खरी. घर चार मजल्यांचं, पण रुंदी आपल्या ओसरीएवढी. दारावर बेलच्या बटणांची रांग आणि प्रत्येक बटणाशेजारी नावाची चिठ्ठी. तळाला मोरोक्कन कुटुंब, त्यावर बल्गेरियाची दोन पोरं, मग एक तुर्की म्हातारी, आणि सगळ्यात वर मराठी आडनाव. लेकीने सांगितलं, ही चिठ्ठी गंमत म्हणून लावलेली नाही. तिथे राहायला गेलं की नगरपालिकेत नोंद करावी लागते. मग त्या भागाचा पोलीस, आपल्याकडचा बीट जमादार म्हणा, घरी येऊन बघतो की माणूस खरंच तिथे राहतो का. बेलवर नाव आहे का, पत्रपेटीवर आहे का, हे तो तपासतो. तेवढं झाल्यावर माणूस त्या गावचा रहिवासी म्हणून लिहिला जातो, मग पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो.

आम्ही पाहुणे, तरी आम्हालाही जावं लागलं. घरी उतरलेल्या परदेशी पाहुण्याने कामाच्या तीन दिवसांच्या आत आल्याची वर्दी द्यायची असते. नगरपालिकेची इमारत ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव खगोलशास्त्र मार्ग. टोकन घेऊन बसलो. शेजारी एक आफ्रिकन बाई लेकराला पाजत होती, पलीकडे दोन तुर्की म्हातारे गप्पा मारत होते. खिडकीतल्या मुलीने डोक्याला रुमाल बांधलेला होता. तिने पासपोर्ट बघितला, माझं नाव दोनदा मोठ्याने उच्चारून बरोबर करून घेतलं आणि कागद दिला.

रस्त्याला खगोलशास्त्राचं नाव कसं, हे मी विचारलं, आणि तिथून जी गोष्ट कळली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. जवळच जुनी वेधशाळा आहे. तिचे संस्थापक आडॉल्फ केतले. जन्म 1796, मृत्यू 1874. आकाशातले तारे मोजणाऱ्या या माणसाने तीच गणिताची शिस्त माणसांच्या मोजणीला लावली. बेल्जियमची 1846 ची जनगणना त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाली आणि पुढे इतर देशांनी ती नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवली. 1853 मध्ये जगातली पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद ब्रुसेल्समध्ये भरली, त्यामागेही तेच. आपल्या आरोग्य केंद्रात वजन आणि उंचीवरून बीएमआय काढतात ना, ते सूत्रही केतले यांचंच. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, दोन जनगणनांमध्ये प्रगणक म्हणून दारोदार फिरलेला. त्या वेधशाळेसमोर मी बराच वेळ उभा राहिलो.

आता एवढंसं गाव आणि एवढी माणसं, हे झालं कसं? ब्रुसेल्सला पूर्वी तटबंदी होती आणि आत येणाऱ्या मालावर जकात लागायची. आपल्याकडे जकात नाके बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. वेशीबाहेर सगळं स्वस्त, म्हणून बाहेरची खेडी फुगली. सँ-जोस त्यातलंच. तिथून मालबेक नावाचा ओढा वाहायचा. नावाचा अर्थच दळणाचा ओढा, काठावर पाणचक्क्या होत्या. आज तो रस्त्यांखाली गडप आहे. बेल्जियममधली जकात 1860 मध्ये गेली, पण त्याआधी 1853 मध्येच गावाच्या हद्दीतली श्रीमंतांची नवी वस्ती, लिओपोल्ड वॉर्ड, ब्रुसेल्स शहराने स्वतःकडे घेतली. आज युरोपीय संघाची मोठमोठी कार्यालयं आहेत ती त्याच भागात. चांगला कर देणारं वावर असं हातचं गेलं आणि सँ-जोसच्या वाट्याला उरलेला तुकडा आला. अजूनही बेल्जियममधल्या सगळ्यात कमी उत्पन्नाच्या नगरपालिकांमध्ये तिचं नाव असतं, आणि युरोपीय आयोगाने घेतलेला मादू चौकातला उंच मनोरा तिच्याच डोक्यावर उभा आहे.

माणसं आली ती मात्र कोळशामुळे. आपण घुग्घुस, उकणी, राजुऱ्याकडची मंडळी, आपल्याला हे लगेच समजेल. आपल्या खाणींवर तेलुगू आले, बिहारी आले, छत्तीसगढी आले. तसे बेल्जियमच्या खाणींत आधी इटालियन होते. 8 ऑगस्ट 1956 ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागून 262 माणसं गेली. त्यातले 136 इटलीचे. इटलीने मजूर पाठवणं थांबवलं, आणि मग बेल्जियमने दुसरीकडे हात पसरले. 1964 मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी करार झाले. माणसं खाणींत गेली, बांधकामावर गेली, कारखान्यांत गेली. 1974 मध्ये भरती बंद झाली, तोवर बायका-पोरं येऊन घरं मांडली होती. जुने रहिवासी शहराबाहेर अंगणाच्या घरांत जात होते, सँ-जोसमध्ये उत्तर स्टेशनाजवळची जुनी घरं स्वस्तात मिळत होती. हाख्तच्या रस्त्यावरच्या तुर्कांना गाव विचारलं, तर अनेक जण एकच नाव सांगतात, एमिरदाग. तुर्कस्तानातला एक शेतीचा तालुका. एकाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने मेव्हण्याला. आपल्याकडून पुण्याला पोरं जातात ती अशीच की.

तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. खोल्यांना ओल येते, भाडं ऐकून छाती दडपते. कचऱ्यासाठी पांढरी, निळी, पिवळी, नारिंगी अशा वेगवेगळ्या रंगांच्या थैल्या ठरलेल्या, तरी सकाळी पायवाटेवर फाटलेल्या थैल्या पसरलेल्या दिसतात. पोरांना खेळायला मोकळी जागा नाही. 1829 मध्ये उघडलेलं जुनं वनस्पती उद्यान आहे म्हणून श्वास घेता येतो. संध्याकाळी आम्ही दोघं तिथेच बसायचो. काचेच्या मोठ्या हरितगृहात आता 1984 पासून गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात.

पण एक गोष्ट मला फार मोठी वाटते. 2006 पासून तिथे युरोपबाहेरच्या देशाचा नागरिकसुद्धा, पाच वर्षं बेल्जियममध्ये राहिला असेल आणि नाव नोंदवलं असेल, तर नगरपालिकेला मत देऊ शकतो. निवडणुकीला उभं राहता येत नाही, ही उणीव आहेच. तरी आपल्या गल्लीतला दिवा, नाली, शाळा कोण बघणार, हे ठरवताना त्याला विचारलं जातं. 2012 च्या निवडणुकीनंतर तिथे तुर्की वंशाचे एमीर किर नगराध्यक्ष झाले. त्यांचा जन्म शार्लरवाचा, म्हणजे कोळशाच्याच मुलखातला.

हे ऐकताना मला 28 फेब्रुवारी 2011 ची रात्र आठवली. उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांची मोजणी त्या एकाच रात्री करायची होती. गावाबाहेर कडूनिंबाखाली हरभऱ्याच्या सवंगणीला आलेल्या मजुरांची पालं होती. सोबत कोतवाल, हातात बॅटरी. एक बाई चुलीवर भाताचं पातेलं ठेवून बसली होती. मला म्हणाली, "गुरुजी, हमको काहे लिखते हो? हम तो यहाँ के नहीं हैं." दहा वर्षं ती माणसं दर हंगामात आमच्या शिवारात येत होती. आमच्या हरभऱ्याचं एकूणएक पोतं त्यांच्या हातून गेलेलं. आणि गावात कुणालाही, मलासुद्धा, त्यांच्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना "छत्तीसगढवाले" म्हणायचो, बस. कडेवरच्या लेकराचं नाव विचारलं तर म्हणाली, अजून ठेवलेलं नाही. मी "बाळ" लिहिलं, लिंग लिहिलं, वय शून्य लिहिलं.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 असा जाहीर झाला आहे. मी आता निवृत्त, प्रपत्र भरायला तरुण मास्तर येतील. शेतकरी बंधूंनो, तुमच्या धुऱ्यावर, विहिरीपाशी, वीटभट्टीजवळ पाल पडलेलं असेल तर त्या मास्तरांना तिथवर घेऊन जा. अंधारात ती वाट त्यांना सापडत नाही.

नमस्कार.