अंगठा कोणता ब्राउझर घेते

[दृश्य: पहाट. दारव्हा तालुक्यातलं एक गाव. धुकं. कमरेला ओटी बांधून वेचणीला निघालेल्या बाया. आवाज फक्त पायांचा.]

डिसेंबर. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, दुसरा वेचा सुरू आहे. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. चार दिवस सलग वेचलं की बोटं खरबरीत होतात, कातडी निघते. ही बोटं लक्षात ठेवा. थोड्या वेळात ती एका काचेवर टेकणार आहेत.

[दृश्य: रस्त्यावरचं सेवा केंद्र. अर्धं उघडलेलं शटर. भिंतीवर चिकटवलेला कागद: 'सर्व्हर डाऊन आहे, विचारू नये'.]

गावाचं ऑफिस म्हणजे ही दहा बाय दहाची खोली. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, केवायसी, सगळं इथून. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि एक पंखा.

[दृश्य: क्लोजअप. यंत्राची लाल चमकणारी काच. तिच्यावर म्हातारीचा अंगठा. ती तो पदराला पुसते, पुन्हा ठेवते. इथे निवेदन नको, अंगठा तीनदा जाऊ द्या.]

म्हातारी: "भाऊ, माहा अंगठा घेऊन नाई रायलं काय ते?"

केंद्रचालक: "घेते आजी, घेते. जरा दाबून धरा."

चौथ्या खेपेला घेतला. पण आपला विषय अंगठा नाही. अंगठ्याच्या मागे पडद्यावर जे उघडलंय, ते आहे.

[दृश्य: कॅमेरा हळूहळू पडद्यावर. खालची पट्टी. लाल-हिरवा-पिवळा गोल, मध्ये निळा ठिपका.]

इंटरनेट पाहायला जे सॉफ्टवेअर लागतं त्याला ब्राउझर म्हणतात. या खोलीत तो शब्द कोणी वापरत नाही. इथे म्हणतात 'गूगल उघड' किंवा नुसतंच 'नेट'. रंगीत गोल म्हणजे क्रोम. डेस्कटॉपवर कोपऱ्यात, कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या फाइलखाली, आणखी एक आयकॉन आहे. निळ्या-जांभळ्या गोळ्याला शेपटीनं वेटोळं घातलेला केशरी कोल्हा. फायरफॉक्स. कुण्या एका कंपनीच्या तिजोरीत बंद नसलेला, ज्याचा कोड कोणीही उघडून वाचावा, बदलावा असा. एके काळी जगातल्या दर दहांतले तीन लोक तो वापरत. आज मोबाइल धरून हिशेब केला तर शंभरात दोन-तीन.

कोल्हा असा कसा हटला, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

[दृश्य: दारव्ह्याचं जुनं स्टेशन. गवतात बुडालेले अरुंद रूळ. रुळावर शेळी. हा शॉट लांब ठेवा, आपल्याकडचा सगळ्यात चांगला आहे.]

ही शकुंतला रेल्वेची वाट. यवतमाळ ते मूर्तिजापूर, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्यासाठी टाकलेली नॅरोगेज. रुळांमधलं अंतर अडीच फूट. मूर्तिजापुरात मोठी लाईन लागायची आणि गाठी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवाव्या लागायच्या. डबा कितीही मजबूत असो, रूळ दुसऱ्याच्या मापाचा असला की तो पुढे जात नाही. ब्राउझरचं दुखणं नेमकं हेच आहे, म्हणून आम्ही इथे कॅमेरा लावला. (शेळी आपसूक आली.)

1994 साली या वाटेवरचं वाफेचं इंजिन काढलं आणि डिझेलचं आलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत नेटस्केप नॅव्हिगेटर नावाचा ब्राउझर बाजारात आला आणि बघता बघता जगभर पसरला. मग मायक्रोसॉफ्टनं आपला इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजच्या सोबतच द्यायला सुरुवात केली. कॉम्प्युटर घेतला की निळा ई आतच. वेगळं उतरवून घ्यायची गरज कोणाला पडणार? 2002-03 पर्यंत दहातले नऊ लोक त्या निळ्या ईवर होते.

नेटस्केपनं हरता हरता एक मोठं काम केलं. 1998 मध्ये आपला कोड सगळ्यांसाठी खुला केला. प्रकल्पाचं नाव मोझिला. जुलै 2003 मध्ये मोझिला फाउंडेशन उभं राहिलं आणि 9 नोव्हेंबर 2004 ला फायरफॉक्स 1.0 आला. त्याआधी त्याची दोन नावं बदलून झाली होती, फिनिक्स आणि फायरबर्ड. दोन्ही दुसऱ्यांनी आधीच घेतलेली निघाली.

[दृश्य: तालुक्याच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब. झाकलेले मॉनिटर. शिक्षक एक जुनी सीडी कव्हरमधून काढतात. सीडीवर मार्करनं लिहिलंय 'मोझिला'.]

सरांनी ही सीडी जपून ठेवली आहे. तेव्हा गावात इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं, ब्राउझर उतरवायला अर्धी रात्र जायची. म्हणून पुण्या-नागपूरहून कोणी आलं की सीडी आणायचं आणि ती दहा मशीनवर फिरायची. एकाच खिडकीत अनेक टॅब, नको त्या जाहिराती उघडण्याआधीच अडवणं, पाहिजे ती जोडणी, म्हणजे एक्सटेन्शन, बसवून घेणं. निळ्या ईजवळ तेव्हा टॅब तर नव्हतेच.

न्यूयॉर्क टाइम्समध्ये डिसेंबर 2004 मध्ये फायरफॉक्सची दोन पानी जाहिरात आली. पैसे लोकांनीच वर्गणी काढून भरले आणि हजारो देणगीदारांची नावं बारीक अक्षरात छापून आली. 17 जून 2008 ला तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा चोवीस तासांत ऐंशी लाखांहून जास्त वेळा ती उतरवली गेली. गिनीज बुकात नोंद झाली. गावजेवणाला अख्खं गाव वाढायला उभं राहतं, तसा तो काळ.

[दृश्य: सीडीचा क्लोजअप. ओरखडे. खिडकीतला उजेड तिच्यावर सरकतो.]

आणि मराठी? तेव्हाची कित्येक मराठी संकेतस्थळं आपापल्या खास फॉन्टवर चालायची. तो फॉन्ट पानासोबत पोचवायची मायक्रोसॉफ्टची युक्ती फक्त निळ्या ईला कळायची. फायरफॉक्समध्ये तेच पान उघडलं की अगडम-बगडम अक्षरं. त्यावर उतारा म्हणून पद्म नावाची एक जोडणी निघाली, ती ती अक्षरं सगळ्या मशीनवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये पालटून द्यायची. पुढे सगळे युनिकोडवर आले आणि फायरफॉक्स स्वतःच मराठी बोलू लागला. बुकमार्कला 'वाचनखूण' म्हणणारा ब्राउझर. हे भाषांतर आजही स्वयंसेवक करतात, मोझिलाच्या पॉन्टून नावाच्या जागी बसून, बिनपगारी.

[दृश्य: केंद्र. दुपार. लाईट गेली. पंखा थांबतो, यूपीएस टीटी करतो. लोक बाहेर पारावर.]

2 सप्टेंबर 2008 ला गूगलनं क्रोम आणला. त्यात एक गोष्ट खरोखर चांगली होती: प्रत्येक टॅब वेगळा चालायचा. एक पान अडकलं तर तेवढंच बंद, बाकीचं चालू. फायरफॉक्समध्ये एक पान फसलं की सगळं दुकान बंद. हे दुरुस्त व्हायला 2016 उजाडलं. आठ वर्षं. आपल्याच माणसाची चूक सांगताना जीभ जड होते, पण हे सांगायलाच हवं.

पण क्रोम फक्त त्यानं जिंकला नाही. जगातलं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान गूगलचं, त्याच पानावर 'वेगवान ब्राउझर घ्या' ही पाटी. फुकटचा अँटिव्हायरस बसवला की खाली एक छोटा चौकोन, आधीच बरोबरची खूण केलेला: क्रोमही बसवा. घाईत कोण वाचतं! 'पुढे' दाबलं की गोल आलाच.

[दृश्य: पारावर बसलेली पोरं. सगळ्यांच्या हातात फोन. एकाच्या फोनवर रील, दुसऱ्याच्या फोनवर कापसाचा भाव.]

मग मोबाइल आला. अँड्रॉइड फोन घेतला की क्रोम आत बसलेलाच येतो, दुकानदार काढून देत नाही, आपण काढायचा म्हटलं तर जात नाही. आयफोनवर तर अ‍ॅपलनं कित्येक वर्षं सगळ्यांना स्वतःचंच इंजिन (पान वाचून पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा आतला भाग) वापरायला लावलं, वरून नाव काहीही असो. ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या या प्रकारांबद्दल गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला. पारावर विचारलं तर कोणालाच ठाऊक नव्हतं.

मोझिलानंही फोन काढून पाहिला. ऑगस्ट 2014 मध्ये इंटेक्स कंपनीचा क्लाउड एफएक्स, किंमत 1,999 रुपये, आत फायरफॉक्स ओएस, म्हणजे फोन चालवणारी मोझिलाची स्वतःची प्रणाली. व्हॉट्सअ‍ॅप नीट नाही, रॅम कमी. सव्वा वर्षानं, डिसेंबर 2015 मध्ये, मोझिलानं फोनचा नाद सोडल्याचं जाहीर केलं. पण कोड खुला होता. त्याच कोडवरून कायओएस निघाला आणि 2017 मध्ये दीड हजारांच्या अनामतीवर घराघरात पोचलेला जिओफोन त्यावर चालला. 2018 मध्ये कायओएसमध्ये पैसे कोणी घातले? गूगलनं.

[दृश्य: म्हातारीच्या पिशवीतून निघालेला बटणांचा जिओफोन, रबरबँड बांधलेला. ती नंबर लावते.]

[दृश्य: लाईट आली. कॉम्प्युटर सुरू होतो. केंद्रचालकाचा चेहरा.]

आता या खोलीत परत. केंद्रचालक भाऊ फायरफॉक्स का वापरत नाहीत, ते त्यांनीच सांगितलं.

केंद्रचालक: "मले सांगा, लोकं बाहेर उभे हायेत. पोर्टल म्हनते क्रोम वापरा. मी कायले कोल्ह्याच्या नादी लागू?"

पोर्टल कोणतं ते आम्ही सांगत नाही, एकच नाही म्हणून. कारण साधं आहे. अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर याच मशीनवर बसलेलं असतं, पोर्टलचं पान त्याला हाक मारतं. ही हाक भरवशाची आहे असं सांगणारं प्रमाणपत्र कित्येकदा विंडोजच्या यादीत टाकलेलं असतं. क्रोम ती यादी मानायचा. फायरफॉक्स सुरुवातीपासून स्वतःची वेगळी यादी बाळगून, तीही सावधगिरीनं, लोकांच्याच सुरक्षिततेसाठी. परिणाम असा की यंत्र चालू, काच लाल, आजीचा अंगठा जागेवर, आणि पान म्हणतं 'यंत्र सापडले नाही'. नोव्हेंबर 2023 पासून फायरफॉक्सही विंडोजमध्ये टाकलेली अशी प्रमाणपत्रं आपणहून मानायला लागला. तोवर या खोलीतली सवय पक्की झाली होती.

[दृश्य: पुन्हा नॅरोगेजचे रूळ. वरून, ड्रोन.]

रुळाचं माप म्हणतो ते हे. पोर्टल बनवणारा क्रोमवर तपासतो, कारण सगळे क्रोमवर आहेत. सगळे क्रोमवर जातात, कारण पोर्टल तिथेच तपासलेलं आहे. ओपेरानं 2013 मध्ये स्वतःचं इंजिन टाकून क्रोमचं घेतलं. जानेवारी 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही त्याच रुळावर आला. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर, वरून रंग वेगळा, खाली रूळ तोच. वेगळ्या इंजिनावर धावणारे मोठे दोनच उरले: अ‍ॅपलचा सफारी आणि हा कोल्हा.

आणि कोल्ह्याचं इंधन? मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलकडूनच येतं, शोधाची पेटी गूगलकडे ठेवण्याबद्दल. मध्ये काही वर्षं याहू होतं, 2017 मध्ये परत गूगल. ऑगस्ट 2020 मध्ये मोझिलानं अडीचशेच्या आसपास माणसं कमी केली.

[दृश्य: संध्याकाळ. केंद्र रिकामं. भाऊ एकटे. पडद्यावर दोन खिडक्या शेजारी-शेजारी.]

शटर ओढायच्या आधी भाऊ लग्नपत्रिकेची फाइल बाजूला सारतात आणि कोल्ह्यावर दोनदा दाबतात. एका पोर्टलवर एका ब्राउझरात दोन लॉगिन चालत नाहीत. क्रोममध्ये त्यांचं स्वतःचं, फायरफॉक्समध्ये शेजारच्या गावच्या केंद्राचं, तिथला माणूस आजारी आहे म्हणून.

केंद्रचालक: "दुसऱ्या लॉगिनले बरा हाय हा. लवकर उघडते."

[दृश्य: फायरफॉक्सची खिडकी. वर मराठीत 'नवीन टॅब'. खाली अर्ज भरला जातोय. टाइपिंगचा आवाज. बाहेर कापसाचं मेटॅडोर जातं. काळं.]